छावणीतला धूर

माझी पोरगी डीजे आहे. गावात हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात, मग हसतात, आणि म्हणतात, बापाचा धंदा लेकीनं उचलला म्हणायचा. धंदा तोच, पण थाट वेगळा. मी पिकअपवर स्पीकरचे चार डबे बांधून खेड्यापाड्यांतल्या वराती वाजवल्या. ही शहरात कानाला हेडफोन लावून टेबलामागं उभी राहते आणि लोक तिकीट काढून ऐकायला येतात. तिचं संगीत मला निम्मं कळत नाही. पण बेस कुठं जास्त झाला ते मी फोनवरूनसुद्धा सांगतो, आणि ती चिडते.

परवा दुपारी तिचा फोन आला. 'पप्पा' म्हणली त्यावरूनच कळलं, गाडी कुठंतरी अडलीय.

"पप्पा, कार्यक्रमवाले म्हणतात नुसतं उभं राहून वाजवू नको. मागं मोठा पडदा लाव, आगीचे फवारे लाव, धूर सोड, मधेच टेबलावर चढ. लोक आता ऐकायला येत नाहीत म्हणे, बघायला येतात. काय करू?"

माझं उत्तर तयारच होतं. गेली कैक वर्षं तयार आहे. 'गाणं नीट वाजव. टेबलावर चढायला तू काय माकड हाईस?' असं मी म्हणणारच होतो. पण तिनं 'धूर' म्हणलं आणि माझी जीभ जागच्या जागी थांबली. मी म्हणलं, "माय, जरा थांब. जेवून फोन करतो." जेवण होऊन तास झाला होता. ती बिचारी थांबली.

देखाव्याचा मला लहानपणापासून राग, आणि त्याला कारण आमचे अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. केजच्या आसपास कुठं लग्न निघालं की हलगी त्यांची. वाजवायचे असे की बसल्या जागी म्हाताऱ्यांचे पाय हलायचे. पण अण्णांचं नुसतं वाजवून भागायचं नाही. वरात पारापाशी आली की ते खिशातला रुमाल काढायचे, धुळीत टाकायचे, त्याच्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि हलगी वाजवत वाजवत मागं वाकायला लागायचे. कंबर, पाठ, मान, असं करत डोकं जमिनीला टेकायचं. मग पापण्यांच्या चिमटीत रुमाल धरून तसेच वर यायचे. एक ठोका चुकायचा नाही. लोक शिट्ट्या मारायचे. आणि मी, त्यांचा एकुलता एक लेक, बैलगाडीमागं तोंड लपवून बसायचो. दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं वर्गात पाटी खाली टाकायची आणि मला मागं वाकून दाखवायची. लई राग यायचा.

एकदा मी विचारलंच, "अण्णा, नुसतं वाजवा की. लोळता कावून?"

अण्णा तळहातावर तंबाखू मळत होते. हसून म्हणाले, "आरं, पोरगी निघायच्या टायमाला समदे तिच्या बापाकडं बघत्यात. त्या बिचाऱ्याला धड रडूबी येत न्हाई. मी खाली वाकलो की समद्यांचं ध्यान माझ्याकडं येतं. तेवढ्यात तो डोळे पुसून घेतो."

मला काही पटलं नाही. वाटलं, हे आपली स्वतःची बाजू सांभाळतायत. घरात कुणी नसताना ते मागं वाकणं मी शिकून मात्र घेतलं. कशाला शिकलो ते विचारू नका, मलाही माहीत नाही.

मोठा झाल्यावर मी डीजे घेतला तो याच कारणानं. डीजेवाल्याला मागं उभं राहता येतं. समोर डबे, डब्यांच्या मागं मिक्सर, मिक्सरच्या मागं मी. माझा आवाज लोकांच्या ओळखीचा, तोंड नाही. अण्णा गेले तेव्हा त्यांची हलगी मी पिकअपच्या केबिनमध्ये काचेजवळ टांगली. आठवण म्हणून टांगली, वाजवायची म्हणून नाही. हळूहळू दुसरे डीजेवाले गाडीवर लाल-निळे लाईट लावायला लागले, चमकीचे कागद उडवायला लागले. एक पठ्ठ्या तर गॉगल घालून डब्यावर चढून नाचायचा, आणि त्याच्या पायाशी मशीनमधून पांढरा धूर निघायचा. लोक मला म्हणायचे, "बे, तुझ्या गाडीत बघण्यासारखं काय हाय?" मी म्हणायचो, "कान हायेत न्हवं? मग ऐका." या ताठ्यामुळं लग्नाच्या चार सुपाऱ्या हातच्या गेल्या. गेल्या तर गेल्या.

मग ते दुष्काळाचं साल आलं. आधीचा पावसाळाही कोरडा गेला होता, हा तर त्याच्यावर कडी. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचे दिवस आले. वराती बंद झाल्या. कोण नाचणार? आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी काढली आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांची जनावरं तिथं आली. जनावरांबरोबर माणसं आली. वर हिरवी जाळी, तिच्याखाली दावणी, दावणीशेजारी बाज, बाजेवर आपला संसार. मी पण माझी गाय आणि कालवड घेऊन तिथंच राहायला गेलो.

संस्थेचे सचिव म्हणजे भला माणूस, पण घसा बसलेला. दिवसभर ओरडून ओरडून त्यांचा आवाज पार गेला होता. ते मला म्हणाले, "तुझा डीजे नुसता पडून हाय. आण इकडं. सकाळची सूचना तूच देत जा." असा मी छावणीचा आवाज झालो. रोज सकाळी सातला माइक हातात घ्यायचा. आज ऊस कुठल्या दावणीपासून वाटणार, टँकर कधी येणार, डेअरीवर दूध कधी घालायचं, सगळं सांगायचं. आणि शेवटी, रोज न चुकता, आगीची सूचना.

आगीचं भ्या सगळ्यांना होतं. पलीकडच्या तालुक्यात एका छावणीत बिडीच्या ठिणगीनं कडब्याची गंजी पेटली होती, असं ऐकू आलं होतं. आमच्या छावणीत तर माळाच्या मधोमध कडब्याच्या गंज्या, आणि चारी बाजूंनी बांधलेली जनावरं. म्हणून संस्थेनं नियम केला, प्रत्येक दावणीला एक बादली कायम भरून ठेवायची. प्यायला पाणी कमी पडलं तरी त्या बादलीला हात लावायचा नाही. आणि मी रोज माइकवरून सांगायचो, "धूर दिसला की विचारत बसू नका. बादली उचला आणि पळा." दोन महिने रोज. लोकांना ते इतकं पाठ झालं होतं की एका आजोबांनी बाजेखाली गुपचूप अगरबत्ती लावली, तर त्यांच्या अंगावर तीन बादल्या आल्या. आजोबा भिजून बसले आणि आम्ही पोट धरून हसलो.

माझ्या शेजारच्या दावणीला चार जनावरं बांधलेला एक शेतकरी होता. फार बोलायचा नाही. त्याची पोरगी बारावी झालेली, आईबरोबर रोज भाकरी घेऊन छावणीत यायची, शेण भरायची, धार काढायची. तिचं लग्न ठरलं माजलगावकडं. कॅनॉलवरचे लोक, उसाचं रान. यंदा त्यांच्या कॅनॉललाही पाणी नव्हतं, पण नाव तर कॅनॉलवाल्यांचं. आणि लग्न करायचं कुठं? जनावरं सोडून जाता येत नव्हतं, टँकर गावात येत नव्हता, येत होता तो छावणीवर. तेव्हा लग्न छावणीतच करायचं ठरलं, भर दुपारी, साडेबाराच्या मुहूर्तावर.

लग्नाच्या आधी चार दिवस ती माझ्यापाशी आली. मी डब्यांवरची धूळ पुसत होतो.

"दादा, तुमच्याकडं धुराचं मशीन हाय का?"

"न्हाई. आणि असलं तरी मी लावत न्हाई. माझा डीजे वाजतो, जादूचे खेळ करत न्हाई."

"माझ्या लग्नात लावा की."

मी म्हणलं, "कशाला गं बाई? गाणी झकास वाजवतो तुझ्या लग्नात."

ती खाली बघत हातातली कडब्याची काडी मोडत उभी राहिली. मग एकदम बोलायला लागली. "मला बगायला आलेल्या पयल्या पाव्हण्यांचं तुमाला म्हाईतच हाय. एक एक गिलास पाणी दिलं. त्यातल्या एकानं अजून मागितलं, तर आई घागरीत हात घालून तशीच उभी राहिली. मागून निरोप आला, पोरगी चांगली हाय पण गाव कोरडं हाय. हे आताचे लोक आले तवा आमी घरी होतो. त्यांनी हे काहीच बगितलं न्हाई, दादा. ही दावण, हे शेण, ही फाटकी जाळी. आता वऱ्हाड येऊन हे बगणार. जन्मभर मला छावणीतली म्हणतील."

"मग धुरानं काय होणार?"

"मी पुढं येताना असा धूर सोडा की मागचं काहीच दिसू नये. नुसती मी दिसले पायजे. मोबाईलमध्ये बगितलंय मी. नवरी ढगातून येती."

मला हसू येणार होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. एवढ्या वर्षांत लोकांनी मला देखावा करायला सांगितला तो मजेसाठी. ही पोरगी लाज झाकायला मागत होती. मी म्हणलं, "बरं बाई. तुला ढगातून आणतो." तिचा चेहरा असा खुलला म्हणता, काय सांगू!

आता मशीन आणायचं कुठून? त्या गॉगलवाल्याकडूनच. गेलो मान खाली घालून. तो म्हणाला, "आलास का वळणावर?" मी म्हणलं, "गप दे." दिवसा लाईट लावून काही दिसत नाही, म्हणून नुसता धूरच मागितला. गावातल्या शाळेच्या मागं नेऊन मशीन चालवून बघितलं. झकास चाललं. पांढरा, दाट, थंड ढग. छावणीत का नाही बघितलं चालवून? कारण तिला ते आधी दिसू नये, एवढंच माझ्या डोक्यात. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. देवाशप्पथ आलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला मी माइक घेतला. उसाचं सांगितलं, टँकरचं सांगितलं, दुधाचं सांगितलं. मग सवयीनं म्हणलं, "धूर दिसला की विचारत बसू नका. बादली उचला आणि पळा." आणि लगेच पुढं, "आज आपल्या छावणीत लग्न आहे, सगळ्यांनी यायचं." दोन्ही वाक्यं एका दमात बोललो. सचिवांना जनावरांचा तक्ता घेऊन केजला तहसीलमध्ये जावं लागलं होतं. ते असते तर त्यांना तरी सुचलं असतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज केलं होतं. वऱ्हाड दोन जीपमधून आलं. नवरदेवाची आई उतरली, दणकट बाई, हिरवं लुगडं, कपाळावर घाम. तिनं छावणीवरून एकदा नजर फिरवली आणि पदरानं कपाळ पुसलं. नवरीच्या बापानं हात जोडले ते तसेच जोडून ठेवले. साडेबारा व्हायला आले. नवरी बाजेआडून निघाली, डोक्यावर शालूचा पदर, बरोबर दोन मैत्रिणी. मी डब्यांच्या मागून गाणं सोडलं, आणि मशीनचं बटण दाबलं.

दाट ढग आला. स्टेज गेलं, जाळी गेली, दावणी गेल्या. नुसती लाल शालू नेसलेली पोरगी पांढऱ्या ढगातून येत होती. वऱ्हाडातल्या बाया 'अगं बया' म्हणून बघत राहिल्या. आणि वारा फिरला. सगळा ढग उचलून त्यानं गंज्यांच्या बाजूला नेला.

पलीकडच्या टोकाला कुणीतरी ओरडलं, "गंजी! गंजी पेटली!"

मी झटकन माइक घेतला आणि ओरडलो, "आग न्हाई! धूर हाय, नुसता धूर हाय!"

दोन महिने याच आवाजानं, याच माइकवरून, धूर म्हणलं की पळायला शिकवलं होतं. जे बसले होते तेही उठून पळाले.

बादल्या आल्या. घागरी आल्या. डबे, कळशा, दुधाची कॅन आली. आधी गंजीवर, मग धूर जिथून निघत होता तिथं, म्हणजे माझ्यावर. मिक्सरवर पाणी पडलं, फट्ट झालं. जनरेटर बंद पडला. स्टेजवर पाणी पडलं, नवरीवर पाणी पडलं. बादल्या संपल्यावर लोक जनावरांच्या पाण्याच्या हौदाकडं पळाले, हौदातलं पाणी उपसून आणलं, तेही ओतलं. मी 'थांबा, थांबा' ओरडत होतो, पण माइक मेला होता आणि माझा नुसता घसा कुणाला ओळखू येत नव्हता. हौद कोरडा झाला तेव्हा धूर पण विरला.

मग सगळं शांत झालं. एक म्हातारी रिकामी घागर कडेवर घेऊन धापा टाकत माझ्यापुढं उभी होती. तिचं एकच जनावर होतं आणि त्याच्या वाटणीचं पाणी तिनं माझ्या डोक्यावर ओतलं होतं.

"विझली का रं?" तिनं विचारलं.

मी म्हणलं, "विझली, आजी."

"वाचलास बग, लेकरा." असं म्हणून तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मला शिवी दिली असती तर सोसलं असतं. हे काही सोसलं नाही. मी तिथंच डब्याला टेकून रडलो.

आता सगळंच दिसत होतं. जे झाकायला धूर सोडला ते सगळं उघडं, आणि वर ओलं. शेण कालवलेलं, जाळी लोंबलेली, माणसं रिकाम्या बादल्या घेऊन उभी. टँकर उद्या येणार. जनावरं कोरड्या हौदाचं बूड चाटत होती, आणि माझी कालवड चिखल चाटत होती. नवरी दिसेना. ती भिजल्या शालूत कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसली होती. तिचा बाप हात जोडून वऱ्हाडापुढं उभा होता.

नवरदेवाची आई हळूहळू हौदापाशी गेली. आत वाकून बघितलं. मग कमरेला पदर खोचून जीपकडं वळून म्हणाली, "जार काढा रे."

जीपमध्ये चादरीखाली पाण्याचे जार होते. इथं पाणी नसणार हे त्यांना आधीच माहीत होतं, आणि मुलीकडच्यांना कमीपणा वाटू नये म्हणून त्यांनी ते झाकून आणले होते. म्हणजे झाकत ते पण होते. त्यांच्यातला एक काका म्हणाला, "आन आपल्या माणसांना काय पाजायचं?"

"माणसं केजला जाऊन चहा पित्याल," ती म्हणाली. "नवरीचं नंतर बगू. आदी जनावरांना पाजा."

नवरदेव बाशिंग बांधलेला तसाच जार खांद्यावर घेऊन हौदाकडं निघाला. मग बाकीचे निघाले. पाण्याचा आवाज ऐकून जनावरं दाव्याला ओढ घ्यायला लागली. त्या आवाजाइतकं चांगलं काही मी माझ्या डब्यांतून आजवर वाजवलेलं नाही.

मी गंजीमागं गेलो. म्हणलं, "ताई, चुकलो. पाया पडतो तुझ्या. बाहेर चल. बग, सासू कशी हाय तुझी."

ती गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. मेंदीच्या हातावर कडब्याचा भुसा चिकटला होता. "समदं दिसलं, दादा. पाणीबी माझ्यामुळं गेलं. आता कुण्या तोंडानं पुढं जाऊ? समदे माझ्याकडंच बगणार."

समदे बघणार. हे शब्द मी आधी ऐकले होते, तंबाखू मळणाऱ्या माणसाच्या तोंडून. इतकी वर्षं डब्यांच्या मागं उभं राहून मला जे कळलं नव्हतं, ते त्या गंजीमागं उभं राहून कळलं. मी म्हणलं, "थांब. आदी मी जातो. समदे माझ्याकडं बगायला लागले की तू ये."

पिकअपच्या केबिनमधून अण्णांची हलगी काढली. हलगीला वाजायच्या आधी आगीवर शेकावं लागतं, पण त्या छावणीत आता आगकाडी कोण ओढणार! काचेमागच्या उन्हानं ती आधीच तापून टणक झाली होती. पहिला ठोका मारला आणि सगळी माणसं वळली. मी स्टेजच्या पुढं आलो. डब्यांच्या पुढं, लोकांच्या पुढं, आयुष्यात पहिल्यांदा. खिशातला ओला रुमाल काढून चिखलात टाकला, त्याच्याकडं पाठ केली आणि वाजवत वाजवत मागं वाकायला लागलो.

आमच्या गावातल्या जुन्या लोकांनी ओळखलं. एक जण ओरडला, "आरं, बापाचं हाय बे!" शिट्ट्या सुरू झाल्या. कंबर वाकली, पाठ वाकली, मानेतून कट्ट आवाज आला. रुमाल वीतभर राहिला असेल, तेवढ्यात पाय सटकले आणि मी धप्पदिशी चिखलात उताणा पडलो. हलगी मात्र सोडली नाही. पडल्या पडल्या वाजवत राहिलो. छावणी हसायला लागली, वऱ्हाड हसायला लागलं, नवरदेवाची आई तर हौदाला धरून हसत होती. त्या सालात आख्ख्या केज तालुक्यात चिखलात पडलेला माणूस मी एकटाच असणार!

आणि त्या हसण्यात गंजीमागून एक हसणं आलं. शालूचा काठ उचलून ती माझ्या डोक्याजवळून निघून गेली, अंतरपाटापर्यंत पोचली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी खालून बघत होतो. त्या सगळ्या गर्दीत एकच माणूस माझ्याकडं बघत नव्हता. नवरीचा बाप तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसत होता. घाईघाईनं, कुणी बघायच्या आत. मी अजून थोडा वेळ लोळलो.

मंगलाष्टका माइकशिवाय झाल्या, नुसत्या गळ्यानं. शेवटच्या ओळीला सगळी छावणी म्हणत होती.

हे सगळं मी पोरीला फोनवर सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही, म्हणजे नवलच. मग म्हणाली, "म्हणजे धूर लावू का नको?"

मी म्हणलं, "लाव, नाहीतर नको लावू. टेबलावर चढ, नाहीतर मागं उभी राहा. मी आता काही म्हणत न्हाई. पण लोकांचं ध्यान एकदा आपल्याकडं ओढलं की ते कुणाच्या तरी कामाला आलं पायजे, एवढं बग. आणि आधी वाऱ्याची दिशा बग."

ती हसली. मग तिनं विचारलं, "पप्पा, त्या लोकांनी तिला छावणीतली म्हणलं का हो?"

पुढचं मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की पाठवणीच्या वेळी मी अंगावरचा चिखल खरवडत जीपच्या बाजूला उभा होतो. ती आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या गळ्यात पडून रडली, दावणीला जाऊन चारही जनावरांच्या तोंडावरून हात फिरवून आली. जीपमध्ये रिकामे जार एकावर एक रचलेले, त्यांच्याशेजारी तिची जागा. आत बसता बसता तिनं मला जवळ बोलावलं. शालू अजून ओलाच होता.

"दादा," ती हळूच म्हणाली, "त्यांना समदं दिसलं बगा."

मी मान खाली घालून म्हणलं, "दिसलं बाई."

"तरीबी न्यायलेत मला."